पावसाळा सरला, आता घोड्याचं पोट सांभाळा : गवतावरून दावणीवर आणताना काय करावं, काय टाळावं

जामनेर : आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात आणि तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा सनई-डीजे सुरू होतात. मधले चार महिने वरातीच्या घोडीला फारसं काम नसतं. मालक तिला बांधावर, गायरानात नाहीतर कांग, वाघूरच्या काठाला चरायला सोडतात. जनावर हिरव्या गवतावर भरतं, अंगावर चमक येते. दसऱ्याला तिची पूजा होते, दिवाळी येते आणि मग एकदम तिला दावणीला बांधून कडबा, चना, मका सुरू होतो. घोड्याच्या पोटाची खरी परीक्षा याच दीड-दोन महिन्यांत असते.

एक घोडी म्हणजे एका घराचं उत्पन्न असतं. पहिल्या तारखेच्या आधीच तिचं पोट बिघडलं तर अख्खी लग्नसराई हातची जाते. मेंढपाळांच्या वाड्यावरची तट्टं, टांग्याचे घोडे, शौकाने पाळलेले मारवाडी-काठेवाडी घोडे यांनाही हाच धोका आहे. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते. तिथून नवं जनावर घरी आणणाऱ्यांनीही ही माहिती आधीच वाचून ठेवावी.

घोडा म्हणजे बैल नव्हे

आपल्याकडे गुरं घरोघरी असतात, त्यामुळे घोडा आजारी पडला की गाय-बैलाचाच उपाय आधी सुचतो. चूक इथेच होते.

गाय-बैल रवंथ करतात, त्यांच्या पोटाचे चार कप्पे असतात. घोड्याला एकच जठर असतं आणि तेही शरीराच्या मानाने लहान, मोठ्या घोड्याचं जेमतेम ८ ते १५ लिटरचं. म्हणून तो एका वेळी खूप खाऊ शकत नाही. मोकळा सोडला तर दिवसाचे १४ ते १६ तास थोडं थोडं चरत राहतो. गवत पचतं ते मागच्या मोठ्या आतड्यात. तिथले कोट्यवधी जिवाणू तंतू कुजवून त्यातून ताकद काढून देतात.

या रचनेमुळे चार गोष्टी कायम लक्षात ठेवाव्यात :

– घोड्याला उलटी होत नाही. जठरात जास्त झालं, गॅस झाला तर तोंडावाटे बाहेर पडायला वाट नाही. जठर फुटूही शकतं.
– मोठ्या आतड्यातले जिवाणू ठरावीक चाऱ्याला सरावलेले असतात. चारा एकदम बदलला तर जुने मरतात, नको ते वाढतात, गॅस आणि आम्ल तयार होतं.
– मोठं आतडं पोटाच्या डाव्या बाजूला एका ठिकाणी वळतं आणि तिथेच अरुंद होतं. कोरडा, जाड चारा आणि कमी पाणी असलं की गोळा बहुतेक तिथेच अडकतो.
– जठरात आम्ल सतत पाझरत असतं. घोडा तासन्‌तास उपाशी राहिला की त्याच आम्लाने जठराला व्रण पडतात.

घोड्याच्या पोटदुखीला पोटशूळ म्हणतात, डॉक्टर ‘कोलिक’ म्हणतात. कोलिक हे एका आजाराचं नाव नाही. गॅस, गोळा अडकणं, जंत, वाळू, आतड्याला पीळ, यातलं काहीही त्यामागे असू शकतं. बाहेरून लक्षणं सारखीच दिसतात, म्हणून अंदाजाने औषध देणं धोक्याचं.

ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात नेमकं काय बदलतं

१) गवत बदलतं. श्रावण-भाद्रपदातलं कोवळं गवत अश्विनात जून होतं, फुलोऱ्यावर येऊन वाळायला लागतं. त्यातलं पाणी कमी होतं, तंतू जाड होतात. हिरव्या गवतातूनच घोड्याच्या पोटात बरंच पाणी जातं. वाळलेल्या चाऱ्यात ते नसतं, म्हणजे बादलीतून जास्त पाणी प्यायला हवं. ते झालं नाही की लीद घट्ट होते.

२) परतीचा पाऊस. ऑक्टोबरमध्ये पाऊस झाला की बांधावर दुसरा कोवळा फुटवा येतो. आधीच वाळक्यावर आलेला घोडा त्यावर तुटून पडतो. लीद पातळ होते, गॅस धरतो.

३) खळं. मका, सोयाबीन, बाजरी, ज्वारी काढणीला येते. दावं सुटलं की घोडा थेट राशीवर जातो.

४) कुसळी गवत. डोंगरउतारावर आणि पडीक रानात या दिवसांत कुसळीला टोकदार कुसळं येतात. ती घोड्याच्या जिभेत, हिरड्यांत, ओठांत रुततात. तोंड दुखलं की घोडा नीट चावत नाही आणि न चावलेला चारा आतड्यात अडकतो. घोडा चारा तोंडात घोळवून बाहेर टाकत असेल, लाळ गळत असेल तर आधी तोंड उघडून पाहावं.

५) ऑक्टोबर हीट. दुपारी घाम निघतो, पहाटे गारवा असतो. घामावाटे पाणी आणि मीठ जातं. नोव्हेंबरात रात्रीचं पाणी गार झालं की घोडा कमी पितो. दोन्ही वेळा परिणाम एकच, पोटात पाण्याची तूट.

६) सण. दसऱ्याला घोड्याला पुरणपोळी, जिलबी, लाडू चारायची हौस असते. दिवाळीत फराळ उरतो. एक घास नैवेद्याचा ठीक. घमेलंभर उरलेलं अन्न घोड्याला घालणं म्हणजे आजाराला बोलावणं.

चारा बदलायचा तर ८ ते १० दिवस लावा

गवतावरच्या घोड्याला दावणीवर आणायची रीत साधी आहे, पण घाई चालत नाही.

– दिवस १ ते ३ : रोजच्या हिरव्या चाऱ्यातला चौथा हिस्सा कमी करा, तेवढा वाळला चारा द्या. खुराक नको.
– दिवस ४ ते ६ : अर्धा हिरवा, अर्धा वाळला. चना किंवा जवाची सुरुवात करायची तर दिवसाला दोन मुठी, तेही वाळला चारा पोटात गेल्यावर.
– दिवस ७ ते १० : तीन हिस्से वाळला, एक हिस्सा हिरवा. खुराक दर दोन-तीन दिवसांनी थोडा वाढवा.

लीद सैल झाली किंवा घट्ट झाली की तिथेच थांबा, एक पाऊल मागे जा. दोन दिवसांनी पुन्हा सुरू करा. पहिलं लग्न तुळशीच्या लग्नानंतर आठवड्याने असेल, तर हा बदल दिवाळीआधीच सुरू व्हायला हवा.

किती चारा लागतो? घोड्याला दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा लागतो. ३०० किलोच्या घोडीला साडेचार ते सहा किलो. खुराक एका वेळी एक किलोच्या पुढे जाऊ देऊ नये. जास्त द्यायचा असेल तर दिवसातून तीन वेळा विभागून द्यावा. अंदाजाच्या पेंढीवर जाऊ नका. कापूस मोजायचा लटकता काटा घरात असतोच, एकदा त्यावर पेंढी टांगून पाहा.

घोड्याचं वजन काढायची सोपी रीत : टेलरच्या टेपने पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजा (सेंटिमीटरमध्ये). मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि आलेल्या आकड्याला ११,८८० ने भागा. घेर १५० आणि लांबी १४० आली तर वजन साधारण २६५ किलो. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर मिनिटाचं काम आहे. शिंगराला हा हिशेब लागू होत नाही.

क्रम असा ठेवावा : आधी पाणी, मग वाळला चारा, शेवटी खुराक. वरातीहून किंवा दौडीहून आल्यावर घोडा थंड होऊ द्यावा, पाणी आणि चारा द्यावा, खुराक तासाभराने.

पाणी आणि मीठ

साधारण घोडा दिवसाला २० ते ३० लिटर पाणी पितो. उन्हात काम असेल तर ४० लिटरच्या पुढेही जातो. दिवसातून दोनदा बादली दाखवणं पुरत नाही, पाणी समोर कायम असावं. थंडीत पहाटेचं टाकीतलं पाणी गार असतं, विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी घोडा आवडीने पितो. बादली रोज घासून धुवावी, शेवाळलेल्या पाण्याला घोडा तोंड लावत नाही.

रोज साधारण ३० ग्रॅम मीठ, म्हणजे एक छोटी मूठ, खुराकात मिसळावं किंवा गव्हाणीत सैंधवाचा खडा ठेवावा. मिठाने तहान लागते, पाणी पोटात जातं आणि लीद मऊ राहते. मीठ द्यायचं तर पाणी भरपूर हवंच.

या गोष्टी घोड्याच्या तोंडाशी नकोच

– बुरशी लागलेला चारा. परतीच्या पावसात कडब्याची गंजी भिजते, सोयाबीनचं कुटार काळं पडतं. वरून वाळलं तरी आत बुरशी राहते. गाय थोडाफार पचवते, घोडा नाही. वास घ्या, हाताने झटका, धूळ उडाली किंवा कुबट वास आला की बाजूला टाका.
– बुरशीचा मका. मक्याच्या कणसावरच्या एका बुरशीचं विष घोड्याच्या मेंदूवर जातं. घोडा भिंतीला डोकं टेकतो, गोल फिरतो, आंधळ्यासारखा चालतो. यावर खात्रीचा उपचार नाही. ‘विकायला नाही जमत तर घोड्याला घालू’ हा हिशेब महागात पडतो.
– कोंबडीखाद्य आणि गुरांचं कारखान्याचं पशुखाद्य. काहींत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. कोंबडी आणि गुरांना ते चालतं, घोड्याच्या हृदयाला मात्र ते विष आहे आणि थोड्या मात्रेतही जीव घेतं. त्यावर उतारा नाही. गोणीवर नाव वाचल्याशिवाय मूठभरही घालू नये.
– ढेप. सरकीची ढेप दुभत्या जनावराची. घोड्याला तिची गरज नाही.
– ज्वारीचा फुटवा. खरीप ज्वारी कापल्यावर धसकटातून येणारी कोवळी फूट विषारी असू शकते. घोडा आठवडेच्या आठवडे ज्वारीवर चरला तर लघवीवरचा ताबा जातो, मागचे पाय लटपटतात.
– फवारलेल्या शेताचे बांध. कापसावर फवारणी झाली की औषध बांधावरच्या गवतावरही पडतं. लाळ गळणं, हगवण, अंगाला कंप ही विषबाधेची लक्षणं. चरायला सोडण्याआधी शेजाऱ्याला विचारा.
– ताजं कापलेलं, ढिगात तापलेलं गवत आणि नुसता लसूणघास. दोन्हींनी गॅस होतो. लसूणघास वाळल्या चाऱ्यात कुट्टी करून थोडाच द्या. त्यात किंवा बाजरीत काळे-नारिंगी पट्ट्यांचे हिंगे दिसले तर तो चारा घोड्याला घालू नका. या किड्याचं विष आतड्याला आणि मूत्रपिंडाला भाजून काढतं.

लीद रोज पाहा, तीच सगळं सांगते

निरोगी घोडा दिवसातून आठ-दहा वेळा लीद टाकतो. गोळे ओलसर, जमिनीवर पडल्यावर फुटणारे असावेत.

– गोळे लहान, कडक, वर चिकट पडदा : पाणी कमी पडतंय, अडकण्याची सुरुवात आहे.
– हिरवी, सैल, पण घोडा खातो-पितो, ताप नाही : नव्या गवताचा परिणाम. हिरवं कमी करा, वाळलं वाढवा, दोन दिवस पाहा.
– पाण्यासारखी, घाण वासाची किंवा रक्त असलेली : डॉक्टरांना लगेच फोन.
– आख्खे दाणे आणि बोटाएवढे लांब तंतू : दात घासले गेलेत किंवा टोकदार झालेत. म्हाताऱ्या घोड्याचे दात वर्षातून एकदा तपासून घ्यावेत.
– बारा तासांत लीदच नाही : पोट दुखत नसलं तरी डॉक्टरांना कळवा.

वाळूची तपासणी : नदीकाठी किंवा उघड्या रेताड जागेवर चारणाऱ्यांनी ही चाचणी करावी. जमिनीला न लागलेल्या लिदीचे पाच-सहा गोळे पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घ्या, पाणी भरा, हलवा आणि पिशवी टांगून ठेवा. पंधरा-वीस मिनिटांनी तळाशी चमचाभर वाळू बसली तर घोडा वाळू खातोय. चारा जमिनीवर टाकणं बंद करा, गव्हाणीत किंवा पोत्यावर द्या. गवत फार खुरटलेल्या जागी सोडू नका, तिथे घोडा मुळासकट माती खातो.

जंत आणि गोमाश्या

पावसाळाभर एकाच जागी चरलेल्या घोड्याच्या पोटात जंतांचा भार वाढतो. शिंगरात मोठे गोल जंत आतडंच अडवू शकतात. लक्षणं : पोट मोठं, अंग बारीक, केस राठ, शेपटी घासणं, अधूनमधून पोटदुखी.

पावसाळा संपताना लीद तपासून जंतनाशक द्यावं. औषध कोणतं आणि किती हे वजनावर ठरतं, वरची टेपची रीत इथे कामी येते. गुरांसाठीचं इंजेक्शन घोड्याला टोचू नये, घोड्याला तोंडाने द्यायचं औषध वेगळं मिळतं. फार अशक्त शिंगराला भरपूर जंत असतील तर औषधाने एकदम मेलेले जंत आतड्यात गोळा होऊन अडकतात, म्हणून शिंगराचं औषध डॉक्टरांच्या समोरच.

पुढच्या पायांच्या आणि खांद्याच्या केसांना खसखशीसारखी पिवळसर अंडी चिकटलेली दिसतात. ती एका माशीची असतात. घोडा ती चाटतो आणि अळ्या जठरात जाऊन चिकटतात. रोज खरारा करताना बोथट ब्लेडने ती खरवडून काढावीत. चरण्याच्या जागेवरची लीद दोन-तीन दिवसांनी उचलून उकिरड्यावर टाकावी. जंतांचं चक्र मोडायचा हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

पोटशूळ कसा ओळखावा

सुरुवातीची लक्षणं : चारा सोडतो, वळून कुशीकडे बघतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, वरचा ओठ वर करतो, लघवीला उभं राहिल्यासारखा ताणतो पण होत नाही, सारखा उठतो-बसतो.

वाढलेली लक्षणं : लोळतो, अंग जमिनीवर टाकून देतो, घामाने भिजतो, पोटाला लाथ मारतो, नाकपुड्या फुगतात, पोट फुगतं.

डॉक्टरांना फोन करण्याआधी पाच मिनिटांत या गोष्टी पाहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न याचाच विचारतात.

– नाडी : जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवा किंवा डाव्या कोपराच्या मागे छातीला कान लावा. १५ सेकंद मोजून चारने गुणा. शांत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४. साठच्या वर गेली तर प्रकरण गंभीर.
– श्वास : मिनिटाला ८ ते १६.
– ताप : गुदद्वारातून थर्मामीटर. ९९.५ ते १०१.५ फॅरनहाइट ठीक.
– हिरड्या : गुलाबी आणि ओलसर हव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत यावा. पांढऱ्या, विटकरी किंवा जांभळट हिरड्या म्हणजे धोका.
– पोटाचा आवाज : दोन्ही कुशींना कान लावा. गुडगुड यायला हवी. मिनिटभर काहीच ऐकू आलं नाही तर आतडी थांबलीत.
– शेवटची लीद कधी, शेवटचं पाणी कधी, काल नवीन काय खाल्लं.

घोड्याचा आणि लिदीचा छोटा व्हिडिओ काढून डॉक्टरांना पाठवला तर येताना कोणती औषधं आणायची हे त्यांना कळतं.

डॉक्टर येईपर्यंत

१) समोरचा चारा आणि खुराक सगळा उचला. पाणी राहू द्या.
२) मोकळ्या, मऊ जागेत आणा. दगड, खुंटे, विळे बाजूला करा.
३) चालू शकत असेल तर दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चालवा, मग थांबवा. तासन्‌तास चालवून दमवू नका, पळवू तर नकाच.
४) शांत पडून असेल तर पडू द्या. लोळत असेल आणि जवळ जाणं धोक्याचं असेल तर दूर राहा. घोड्याच्या वेदनेत मालकाचा पाय मोडतो.
५) वेळ लिहून ठेवा : कधी सुरू झालं, कधी वाढलं.

हे करू नका :

– तेल, ताक, हिंग, सोडा, दारू काहीही नळीने किंवा बाटलीने पाजू नका. घोड्याचं तोंड वर करून पाजलं की ते श्वासनलिकेत जातं आणि फुप्फुसाचा आजार होतो. डॉक्टर पाजतात ते नाकातून थेट जठरात नळी घालून. ती नळी नीट बसली की नाही हे तपासायची रीत आहे, ती शिकलेल्यालाच जमते.
– मेडिकलमधून माणसाचं दुखण्याचं इंजेक्शन आणून देऊ नका. दुखणं दबतं, आजार आत वाढत राहतो आणि डॉक्टर आल्यावर अंदाज चुकतो. डायक्लोफिनॅक तर जनावरांना द्यायला बंदीच आहे. ते दिलेलं जनावर मेल्यावर गिधाडं ते खातात आणि मरतात.
– पोटफुगी समजून कुशीत सुई किंवा दाभण खुपसू नका.
– हाताने लीद काढायचा प्रयत्न करू नका. घोड्याचं गुदाशय पातळ असतं, फाटलं तर जीव जातो.

एक धोक्याची खूण बहुतेकांना माहीत नसते. तासन्‌तास तडफडणारा घोडा अचानक शांत झाला, पण अंग गार, घाम चिकट आणि हिरड्या काळपट असतील तर तो बरा झालेला नाही. आतडं किंवा जठर फुटल्यावर ताण जातो आणि दुखणं थोडा वेळ थांबतं. अशा वेळी ‘बरा वाटतोय’ म्हणून डॉक्टरांना परत फिरवू नका.

घोडा राशीवर चरला तर

दावं सुटलं, घोड्याने मका किंवा बाजरी पोटभर खाल्ली आणि तरी छान उभा आहे, असं झालं तरी थांबू नका. त्रास लगेच दिसत नाही. बारा ते चोवीस तासांत पोट बिघडतं आणि एक ते तीन दिवसांत खुरात दाह होतो. घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागच्या पायांवर भार घेतो, जमिनीवर पाय टेकवत नाही, खूर गरम लागतं. एकदा खुरातलं हाड फिरलं की ती घोडी वरातीला परत उभी राहील याची खात्री नसते.

म्हणून लक्षणं दिसायच्या आत, खाल्ल्याचं कळताच फोन करा. डॉक्टर नळीने पोट धुतात. तोवर उरलेलं धान्य दूर करा आणि घोड्याला थोड्या वाळल्या चाऱ्याशिवाय काही देऊ नका. डॉक्टरांनी सांगितलं तर चारही पाय गुडघ्याखाली बर्फाच्या पाण्यात ठेवावे लागतात, तेही सलग दोन-तीन दिवस.

हगवण लागली तर

हगवणीत घोडा पाण्याने मरतो, म्हणजे पाणी कमी पडून. दोन बादल्या ठेवा : एकीत साधं पाणी, दुसरीत दहा लिटर पाण्यात साधारण ५० ग्रॅम मीठ. घोडा आपल्या गरजेप्रमाणे पितो. हिरवं आणि खुराक बंद, चांगला वाळला चारा सुरू. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा, दोन सेकंदांत सपाट झाली नाही तर शरीरात पाणी कमी आहे.

ताप असेल, घोडा मरगळला असेल किंवा शिंगरू असेल तर एक दिवसही वाट पाहू नये. काही हगवणी माणसालाही लागतात. लीद उचलल्यावर साबणाने हात धुवा, लहान मुलांना दूर ठेवा, आजारी घोड्याची बादली दुसऱ्याला लावू नका.

वरातीच्या दिवशी

‘वरातीत लीद टाकेल’ म्हणून घोडीला सकाळपासून उपाशी ठेवतात. ही सवय सोडावी. रिकाम्या पोटी चार-पाच तास डीजे, फटाके आणि गर्दीत उभी राहिली की जठरात व्रण आणि पोटशूळ दोन्ही ठरलेले. निघण्याआधी वाळला चारा पोटभर द्या, खुराक नको. मध्ये दोनदा पाणी पाजा. सोबत छोटी पेंढी ठेवा. परत आल्यावर आधी पाणी आणि चारा, रात्री उशिरा खुराक नको.

सारंगखेड्याहून किंवा दुसऱ्या गावाहून घोडा आणला तर जुन्या मालकाला तो काय खात होता ते विचारा आणि तिथलाच चारा चार-पाच दिवसांचा सोबत आणा. ट्रकचा प्रवास, नवं पाणी आणि नवा चारा एकदम आले की आठवड्यात पोट बिघडतं.

बरं झाल्यावर

पोटशूळ उतरला आणि लीद झाली की लगेच चना देऊ नका. डॉक्टरांनी ‘चालेल’ म्हटल्यावर मऊ गवत मूठ-मूठ, दिवसातून पाच-सहा वेळा द्या. खुराक चार-पाच दिवसांनी, तोही पाव हिश्शाने. काम आठवड्याने. ज्या घोड्याला एकदा पोटशूळ झाला त्याला पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते, म्हणून कारण शोधल्याशिवाय सुटका नाही.

फोन आजच सेव्ह करा

– शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी टोल फ्री क्रमांक १९६२.
– आपल्या गावाला जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना आणि तिथल्या डॉक्टरांचा मोबाइल.
– रात्रीसाठी घोड्यांचा अनुभव असलेला एक खासगी पशुवैद्य. रात्री फिरतं पथक मिळेलच असं नाही.
– नेण्यासाठी उतार लावता येईल अशी पिकअप असलेल्या ओळखीच्या माणसाचा नंबर.

आतड्याला पीळ पडला तर शस्त्रक्रियेशिवाय इलाज नसतो, आणि तशी सोय तालुक्याला नाही. अकोल्याची पशुवैद्यकीय संस्था जामनेरहून दीडशे किलोमीटरच्या पुढे आहे, मुंबईचं परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय चारशेच्या पुढे. दुखणाऱ्या घोड्याला इतकं लांब नेणं अवघड असतं. नेण्याआधी फोन करून तिथे घोड्याची सोय आहे का हे विचारावं. म्हणूनच घोड्याच्या पोटदुखीत पहिला तास सगळ्यात महत्त्वाचा. घरगुती उपायात तो घालवला तर पुढे डॉक्टरांच्याही हातात फार काही उरत नाही.